विद्यार्थ्यांचा विषाद आणि वडीलधाऱ्यांचे कर्तव्य

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायास परंपरेने ‘अर्जुनविषादयोग’ असे नाव दिले आहे. या नावाकडे आपण फारसे लक्ष देत नाही. पारायण करणारा गृहस्थ पहिला अध्याय भराभर उरकतो आणि दुसऱ्या अध्यायापाशी येऊन स्थिर होतो, कारण खरी गीता तेथून सुरू होते अशी त्याची समजूत असते. परंतु ज्या पूर्वाचार्यांनी विषादास ‘योग’ ही पदवी दिली, त्यांना शब्दांचे मोल कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. ज्ञान, कर्म, भक्ती यांच्या पंक्तीत त्यांनी एका खचलेल्या मनुष्याचे रडणेही बसविले. या गोष्टीचा आजच्या एका प्रश्नाशी निकट संबंध आहे, असे मला वाटते. तो प्रश्न असा : माध्यमिक शाळेत शिकणारा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी खिन्न होऊन बसली, अभ्यास टाकला, जेवण टाकले, बोलेनाशी झाली, तर तो तिचा अपराध समजावा काय? आणि समजू नये, तर वडीलधाऱ्यांनी करावे तरी काय?

हा प्रश्न केवळ विचारविलासाचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने जीवन संपविले. २०२३ साली हा आकडा १३,८९२ झाला. दोन्ही वर्षी महाराष्ट्राचा क्रमांक पहिला आहे, आणि मी ज्या तमिळनाडूत राहतो तेही राज्य फार मागे नाही. संतांची भूमी म्हणून आपण ज्या प्रांताचा अभिमान वाहतो, त्याचे नाव या यादीच्या शिरोभागी असावे, ही गोष्ट गीता वाचणाऱ्या घरांनी तरी मुकाट्याने सोडून देण्याजोगी नाही.

‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ हे वाक्य या विषयावर बोलताना हमखास ऐकावयास मिळते. असले काही नव्हते हे खरे नसून त्याला नाव नव्हते एवढेच खरे. कोणाला ‘बाहेरचे’ झाले म्हणत, कोणाला ‘हट्टी’ म्हणत, कोणाला आळशी ठरवून झोडपून काढीत. आमच्या शास्त्रकारांस मात्र नाव ठाऊक होते. रोग वाढविणाऱ्या कारणांत विषाद हे अग्रगण्य होय, असा निर्वाळा चरकाचार्यांनी दिलेला आहे. आधुनिक वैद्यकशास्त्रही हेच सांगते की, मनाच्या विकारांपैकी सुमारे निम्म्यांचा आरंभ वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आतच झालेला असतो. म्हणजे मूल आठवी-नववीच्या वर्गात बसलेले असते तोच हा काळ.

भाषांतर हा माझा व्यवसाय असल्यामुळे शब्दांच्या मुळाशी जाण्याची खोड मला आहे. वाचकांनी ती क्षणभर सोसावी. ‘विषाद’ हा शब्द ‘सद्’ या धातूपासून झाला आहे. खाली बसणे, खचणे, शिथिल होणे असा त्या धातूचा अर्थ. याच धातूपासून ‘अवसाद’ झाला, आणि याच धातूपासून ‘प्रसाद’ही झाला. ढवळलेल्या पाण्यातील गाळ तळाशी बसला म्हणजे पाणी निवळते. मनाच्या अशा निवळण्यास दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस भगवंतांनी प्रसाद म्हटले आहे. विषाद आणि प्रसाद ही एकाच कुळातील भावंडे आहेत. येथील तमिळ लोक मनाच्या या अवस्थेस ‘मन अळुत्तम’ म्हणतात; त्याचा शब्दशः अर्थ मनावरील दाब. मराठीत आपण ‘नैराश्य’ म्हणतो आणि आशा संपली असे त्यातून सुचवितो. मला विचाराल तर तमिळ शब्द अधिक न्यायाचा आहे. दाब म्हटला की तो कोणी दिला, कोठून आला, कसा उतरवावा, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. नैराश्य म्हटले की सारा दोष निराश होणाऱ्याच्या माथी जातो.

आता कुरुक्षेत्राकडे पाहावे. अर्जुनाची गात्रे गळाली, तोंड कोरडे पडले, अंगास कंप सुटला, त्वचेचा दाह झाला, धनुष्य हातातून निसटले, मन भ्रमू लागले. आजच्या वैद्यापुढे हीच लक्षणे कोणी सांगितली तर तो त्यांस तत्काळ ओळखील. हे सर्व अर्जुन बोलत असता भगवान काय करीत होते? संपूर्ण पहिल्या अध्यायात श्रीकृष्णांच्या मुखी एक श्लोकही पुरता नाही. या कौरवांस पाहा, एवढेच ते म्हणाले आणि पुढे ऐकत राहिले. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी मात्र त्यांनी दोन श्लोकांत अर्जुनाची कडक निर्भर्त्सना केली. हा मोह तुला अवेळी कोठून सुचला, हे थोरांस शोभणारे नाही, हे दुबळेपण टाकून ऊठ, असा त्यांचा आशय आहे.

आमच्या घरांतून हेच दोन श्लोक मुलांना नेमके ऐकविले जातात. कित्येक वडील तर ते पाठ म्हणतात. पण त्या दोन श्लोकांनंतर घडले काय, हे कोणी सांगत नाही. अर्जुन उठला नाही! तो आपले म्हणणे पुन्हा मांडू लागला, मला काही सुचत नाही, मला शिकव, असे म्हणाला, आणि शेवटी ‘मी लढणार नाही’ असे सांगून गप्प बसला. निर्भर्त्सनेचा उपयोग झाला नाही. ती साक्षात भगवंतांची असूनही झाला नाही. मग भगवंतांनी आवाज चढविला काय? नाही, गीताकार सांगतात की ते हसल्यासारखे झाले आणि बोलू लागले, आणि ते बोलणे पुढे सतरा अध्याय चालले. त्यात शंका विचारण्यास पूर्ण मोकळीक होती. तुझे बोलणे संदिग्ध आहे असे अर्जुनाने तोंडावर सांगितले तरी ते खपले. अठराव्या अध्यायात तर सर्व सांगून झाल्यावर, याचा नीट विचार कर आणि मग तुला इच्छा होईल तसे कर, असे म्हणून निर्णय त्याच्याच हाती ठेवला. आम्ही गृहस्थ मात्र पहिल्या दोन श्लोकांपाशी थांबतो आणि मुलगा उठला नाही म्हणजे ‘याच्यात दमच नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अर्जुनाचे गुरू त्या रणांगणावर उपस्थित होते. द्रोणाचार्यांनी त्यास विद्या दिली, सर्व शिष्यांत त्याला पहिला मानला, त्याच्या प्रथम क्रमांकासाठी एकलव्याचा अंगठाही घेतला. पण त्या घटकेला द्रोणाचार्य समोरच्या सैन्यात उभे होते. विषादात सापडलेल्या शिष्याचे ऐकून घेणारा जो निघाला तो सारथी होता. त्याच्या हाती शस्त्र नव्हते आणि तो अर्जुनाची परीक्षा घेण्यास बसलेला नव्हता.

हे मी केवळ कल्पनेने जुळवीत नाही. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने बिहारातील नालंदा जिल्ह्यात सुमारे पाऊणशे माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झाला. काही शाळांत मुलांच्या मानसिक स्वास्थ्याचे काम तेथील शिक्षकांकडेच सोपविले. काही शाळांत त्यासाठी वेगळा मनुष्य नेमला. तो मोठा पदवीधर मानसतज्ज्ञ नव्हता. त्याच परिसरातील साधा, पण थोडे शिक्षण देऊन तयार केलेला माणूस होता, आणि त्यास नाव दिले होते ‘मित्र’. दोन्हीकडे कार्यक्रम एकच. आठ महिन्यांनी पाहिले तेव्हा, जेथे मित्र होता तेथे शाळेचे वातावरण पुष्कळ सुधारले, मुलांतील खिन्नता कमी झाली, दांडगाईही कमी झाली. जेथे शिक्षकांनी तेच काम केले तेथे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. यावरून शिक्षक वाईट असे कोणी समजू नये. त्यांच्या मागे वर्ग, वह्या, परीक्षा, सरकारी कागद यांचा ससेमिरा असतो. पण याहून खोल कारण मला असे दिसते की, जो गुण देतो त्याच्यापुढे मूल आपले अवगुण उघड करीत नाही.

चेन्नईत या कामाची परंपरा बरीच जुनी आहे. डॉ. शारदा मेनन या थोर मनोविकारतज्ज्ञ विदुषींनी १९८४ साली येथे मनोरुग्णांच्या पुनर्वसनासाठी ‘स्कार्फ’ ही संस्था उभारली. दोनच वर्षांनी, १९८६ साली, डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ हे आत्महत्या-प्रतिबंध केंद्र काढले. तेथे दूरध्वनीवर बसणारे स्वयंसेवक उपदेश करीत नाहीत, उपाय सांगण्याची घाई करीत नाहीत, ऐकतात. ऐकणे हे काम आहे, आणि ते शिकावे लागते, ही कल्पनाच आपल्याकडे नवी वाटते. वस्तुतः श्रवण ही नवविधा भक्तीतील पहिली भक्ती आहे. पण आपण ते फक्त कीर्तनाला राखून ठेवले.

याच शहरात, सरकारी परीक्षेच्या संदर्भात एक सुधारणा घडून आली, आणि तिचा उल्लेख मला विशेष अगत्याने करावासा वाटतो. पूर्वी तमिळनाडूत शालान्त परीक्षेत एखाद्या विषयात नापास झालेल्या मुलाचे अख्खे वर्ष बुडत असे. निकालाच्या दिवसांत मुलांच्या आत्मघाताच्या वार्ता वाढतात, असे डॉ. लक्ष्मी विजयकुमार आणि त्यांचे सहकारी पुनःपुन्हा सांगत राहिले. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत सरकारने पुरवणी परीक्षेची सोय केली : निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुन्हा बसावे, उत्तीर्ण व्हावे आणि त्याच वर्षी पुढे जावे. महाराष्ट्रातही २०१५ पासून दहावीच्या अनुत्तीर्ण मुलांची फेरपरीक्षा जुलैत होऊ लागली. ना प्रवचन, ना औषध. केवळ वेळापत्रकातील एक बदल. परंतु ज्या मुलाला आज सायंकाळी सर्व दारे बंद दिसतात, त्याला महिन्याभराने एक दार उघडणार आहे हे कळणे म्हणजे काय, हे ज्याने त्या वयाचे मूल जवळून पाहिले आहे त्यालाच समजेल. धर्म नेहमी उपदेशातूनच आचरता येतो असे नाही. तो वेळापत्रकातूनही आचरता येतो.

२०१७ च्या मे महिन्यापासून तमिळनाडू सरकारने राज्यात पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक जाहीर करणेही बंद केले. याविरुद्ध तक्रार करणारे सज्जन मला भेटतात. त्यांचे म्हणणे, गुणांची कदर नाहीशी झाली तर कष्ट कोण करील? आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. उत्कर्षाची हाव मुलांत असावी, आणि गीतेनेही आळसाचे कौतुक कोठे केलेले नाही. पण त्या सज्जनांनी एक गोष्ट पाहावी. क्रमांक लावल्याने पहिल्या तिघांना आनंद होतो, आणि लक्षावधी मुलांना आपण ते तिघे नाही एवढेच कळते. गुण तर आजही गुणपत्रिकेवर छापलेले असतात. गेले ते फक्त जाहीर मिरवणे. तेही पुरते गेले नाही. मे महिन्यात चेन्नईच्या रस्त्यांनी फिरा, शिकवणी-वर्गांचे फलक पाहा : हसऱ्या मुलांची छायाचित्रे आणि खाली ठळक आकडे. सरकारने जे सोडले ते व्यापाऱ्यांनी उचलले.

निष्काम कर्माचा उपदेश आपण मुलांना कसा करतो, याचाही विचार येथेच केला पाहिजे, कारण माझ्या मते दोषाचे मूळ येथे आहे. कर्म करावे, फळाचा हव्यास धरू नये, ही दुसऱ्या अध्यायातील शिकवण कोणत्या हिंदू घरात ठाऊक नाही? वडील ती मुलाला सांगतात. आणि त्याच तोंडाने शेजाऱ्याच्या मुलास किती टक्के मिळाले ते विचारतात. मुलाने आसक्ती सोडावी आणि ती वडिलांनी बाळगावी, अशी ही विभागणी! मुलाच्या गुणांचे फळ प्रत्यक्षात वडील भोगू इच्छितात : नातेवाइकांतील मान, स्वतःला न मिळालेल्या पदवीची भरपाई, कधी कधी लग्नाच्या बाजारातील भाव. जे मूल हे ओळखते त्याला गीता खोटी वाटू लागते, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. ती शिकवण आधी वडिलांसाठी आहे. पालन-पोषण हे त्यांचे कर्म. मुलाचा निकाल हे त्यांचे फळ नव्हे.

मयिलापूर भागातील माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी मला एकदा बोलावून घेतले. तंजावरहून पिढ्यांपूर्वी आलेले मराठी घराणे. घरात अजून जुन्या वळणाची मराठी बोलतात. मुलगा दहावीत, आणि दोन महिने शाळेत जात नव्हता. ‘शास्त्रीजी, याला गीता समजावून सांगा’, असे वडील म्हणाले. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने एकच विचारले, ‘मामा, अर्जुन जे बोलला ते सगळ्यांनी ऐकले का?’ मी सांगितले की रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध होता; सर्वांना दिसत होता, पण शब्द कोणाला ऐकू गेले नसावेत; संजयाला ऐकू आले ते व्यासांच्या कृपेने. त्यावर तो म्हणाला, ‘मग बरे झाले.’ वडिलांचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा झाला. पुढे त्यांनी मुलास एका वैद्यांकडे नेले आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसले. या बाहेर बसण्याचे मला फार मोल वाटते.

कारण नीतीचा खरा पेच येथेच आहे. मुलाने शाळेतील समुपदेशकास सांगितलेली गोष्ट आईबापांस न कळविणे हे योग्य काय? पुष्कळ पालकांस यात आपल्या अधिकाराचा अपहार वाटतो. घरची गोष्ट परक्याच्या कानी गेली, घराण्याची अब्रू गेली, असेही वाटते. मातापित्यांचे स्थान आपल्याकडे देवासमान मानले आहे आणि ते तसेच असावे. परंतु देवासमान असणे म्हणजे सर्व काही ऐकण्याचा हक्क असणे नव्हे. मुलाला सांगावेसे वाटेल इतके विश्वासपात्र होणे असा त्याचा अर्थ आहे. जोवर तसे झाले नाही, तोवर मुलाने दुसऱ्या कोणापाशी मन मोकळे केले तर त्यात मातृपितृभक्तीचा भंग नाही.

मात्र गुप्ततेचे हे वचन निरपवाद नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा भगवंतांनीच अर्जुनास सांगितली आहे. सदैव सत्य बोलण्याचे त्याचे व्रत होते. लुटारूंच्या भयाने काही माणसे वनात लपली. लुटारूंनी विचारले तेव्हा कौशिकाने व्रत पाळले आणि माणसे मारली गेली. त्या व्रतपालनाने त्याला सद्गती मिळाली नाही, असे कथा सांगते. सत्याचे व्रत जर प्राणापुढे माघार घेते, तर गुप्ततेच्या वचनाने ती घेतलीच पाहिजे. मुलाच्या बोलण्यात जिवास धोका दिसला की समुपदेशकाने आईबापांस आणि वैद्यांस कळवावे. आणि असे मी करीन हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे, म्हणजे पुढे विश्वासघात होणार नाही. अशा वेळी ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो काय?’ असे स्पष्ट विचारण्यास पुष्कळजण भितात; विचारल्याने तो विचार मनात रुजेल असे त्यांस वाटते. ही भीती निराधार आहे, असे या शास्त्रातील जाणकार एकमुखाने सांगतात. विचारल्याने बहुधा मुलाला हायसेच वाटते.

राज्यव्यवस्थेनेही आपली दृष्टी बदलली आहे. १८६० च्या दंडविधानात आत्मघाताचा प्रयत्न हा गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा मनुष्यास तीव्र तणावग्रस्त समजावे असे ठरविले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत ते जुने कलम राहिलेच नाही. पुढे २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणम् येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशातील शिक्षणसंस्थांसाठी पंधरा निर्देश घालून दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नये, असे त्यांत आहे. निर्देश उत्तम आहेत. पण ज्या शाळेत समुपदेशकाचे नाव फलकावर आणि त्याची खुर्ची मुख्याध्यापकांच्या खोलीत असेल, तेथे कोणते मूल जाईल? पालकसभेत मैदानाची आणि बसची चौकशी आपण करतो. त्याच सभेत त्या खुर्चीची जागा कोठे आहे हेही विचारावे.

सारेच दुःख बोलण्याने हलके होते असे मात्र समजू नये. झोप उडाली, अन्न जाईना, पूर्वीच्या आवडीच्या गोष्टींत मन रमेना, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर तो रोग असू शकतो, आणि रोगास वैद्य लागतो. ज्वरात औषध घेण्याची लाज आपण बाळगत नाही. नामस्मरण अवश्य करावे, औषध घेऊन करावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते, मराठीतही आणि तमिळमध्येही.

निकालाच्या दिवशी काय करावे, असे मला अनेक आईबाप विचारतात. त्या दिवशी मुलाला एकटे सोडू नये. त्याच्याशी बोलता आले नाही तर नुसते जवळ बसावे. नातेवाइकांचे दूरध्वनी वडिलांनी घ्यावेत, मुलाच्या हाती देऊ नयेत. आकडा कितीही असो, आधी पानावर बसवून जेवू घालावे. पुरवणी परीक्षेचा अर्ज केव्हा भरावयाचा, ते दुसऱ्या दिवशी सकाळी पाहता येते.